नवी मुंबईत परिषदेला येताय? आधी नोड, मग स्टेशन, मग तिकीट

परिषदेचं किंवा अधिवेशनाचं निमंत्रण हातात पडलं की बहुतेक जण आधी गाडीचं तिकीट काढतात, मग हॉटेल बघतात, आणि निघायच्या आदल्या रात्री स्थळाचा पत्ता नीट वाचतात. नवी मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांची ओढाताण होते ती या उलट्या क्रमामुळे. पुण्यामुंबईच्या मानाने हे शहर आखीव आहे, रस्ते रुंद आहेत, स्टेशनं मोठी आहेत. पण ऐरोलीपासून पनवेलपर्यंत ते लांबच लांब पसरलंय. ‘नवी मुंबईत उतरलो’ म्हणजे स्थळाजवळ आलो असं इथे होत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः पहिल्या तीन झाल्याशिवाय एकही पैसा भरू नका.

## १. पत्त्यातला नोड शोधा

सिडकोने हे शहर नोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वसाहतींमध्ये, वसवलं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे त्यातले तुम्हाला लागतील असे नोड. प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. सगळा घोळ इथे होतो.

सेक्टर १५ वाशीत आहे, बेलापूरला आहे, खारघरलाही आहे. निमंत्रणावर नुसतं ‘सेक्टर १५, नवी मुंबई’ छापलेलं असेल तर तो पत्ता अपुरा आहे. रिक्षात बसून ‘सेक्टर सतरा’ म्हणालात तर रिक्षावाला आधी विचारणार, ‘कुठला सतरा? वाशीचा का?’ वाशी स्टेशनबाहेर उभं राहून तुम्ही नुसती मान हलवलीत आणि स्थळ निघालं खारघरला, तर पुढचा तास गेला म्हणून समजा.

संस्थेच्या नावावरही विसंबू नका. एमजीएमची रुग्णालयं वाशी, बेलापूर, कामोठे आणि कळंबोलीतही आहेत. वैद्यकीय परिषद ‘एमजीएमला’ आहे एवढंच कानावर आलं असेल, तर संयोजकांना फोन करून नोड विचारा. विचारायचा प्रश्न एकच: ‘जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं?’ स्टेशनचं नाव कळलं की नोड आपोआप कळतो.

तपासा: पत्त्यात तीन गोष्टी हव्यात: नोड, सेक्टर, आणि ठळक खूण. तिन्ही एका कागदावर मराठीत लिहून पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद रिक्षावाल्याला दाखवता येतो.

## २. नोडवरून स्टेशन आणि मार्ग ठरवा

इथल्या लोकलचे दोन मार्ग मनात पक्के बसले की अर्धं काम झालं.

हार्बर मार्ग मुंबईच्या सीएसएमटीवरून निघतो. कुर्ला, मानखुर्द करत खाडीपूल ओलांडतो आणि वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत पनवेलला संपतो.

ट्रान्स हार्बर मार्ग ठाण्याहून निघतो. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येतो. तुर्भ्यानंतर त्याला दोन फाटे फुटतात, ते नीट वाचा:

– ठाणे-वाशी लोकल तुर्भ्याहून सानपाडा आणि वाशीला जाते.
– ठाणे-नेरूळ आणि ठाणे-पनवेल लोकल तुर्भ्याहून थेट जुईनगरला जाते. ती वाशीला जातच नाही.

ठाण्यात ‘नवी मुंबईची गाडी’ म्हणून समोर दिसेल त्या पनवेल लोकलमध्ये चढायचं आणि वाशीची वाट बघत बघत नेरूळला पोचायचं, हे पाहुण्यांच्या बाबतीत सर्रास घडतं. चुकून पनवेल लोकलमध्ये बसलात तर तुर्भ्याला उतरून मागच्या वाशी लोकलची वाट बघा. तुर्भे निघून गेलं असेल तर जुईनगरला उतरा आणि सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची गाडी पकडा. दोन स्टेशनांवर वाशी आहे.

आता स्थळांपुरतं बोलू. सिडकोचं प्रदर्शन आणि परिषद केंद्र वाशी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेक्टर ३० च्या बाजूला आहे. इथे कार्यक्रम असेल तर वाशी स्टेशन सोडून दुसरा विचारच करू नका. डी. वाय. पाटील संकुल नेरूळला आहे, तिथे नेरूळला उतरून रिक्षा करा. महापेच्या आयटी संकुलात जायचं तर कोपरखैरणे किंवा घणसोली. खारघरच्या आतल्या भागात, सेंट्रल पार्क किंवा तळोज्याच्या दिशेला जायचं असेल, तर बेलापूरहून मेट्रो घ्या. बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे आणि खारघर स्टेशनवरून रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा कितीतरी सोयीची पडते. ही मेट्रो वाशी किंवा नेरूळला येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

## ३. मुक्काम गर्दीच्या उलट दिशेला ठेवा

हॉटेल निवडताना लोक भाडं आणि अंतर बघतात. मी आधी गर्दीची दिशा बघायला सांगेन. सकाळी साधारण आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात लोकल एकाच बाजूला भरभरून वाहते. कार्यक्रम वाशीला आहे असं धरू:

– ठाण्यात राहिलात, तर सकाळी ऐरोली, रबाळे, महापेच्या कंपन्यांत जाणाऱ्या नोकरदारांबरोबर चढावं लागेल. ही गर्दीची दिशा.
– खारघर किंवा पनवेलला राहिलात, तर मुंबईला जाणाऱ्यांची गर्दी तुमच्याच डब्यात असेल. तीही गर्दीचीच दिशा.
– चेंबूर किंवा कुर्ल्याकडे राहिलात, तर सकाळी मुंबईतून बाहेर येणारी गाडी त्या मानाने रिकामी मिळते.

स्थळाच्या नोडमध्येच सोय झाली तर उत्तम, मग या हिशोबाची गरजच नाही. वाशीत स्टेशनच्या परिसरात सगळ्या बजेटची हॉटेलं आहेत. पण मोठ्या प्रदर्शनाच्या दिवसांत ती लवकर भरतात, त्यामुळे नोंदणी झाली की त्याच दिवशी खोली बघा. वाशी मिळालं नाही तर सानपाडा, जुईनगर, नेरूळ या क्रमाने शोधा.

सावधान: बुकिंगच्या ॲपवर ‘नवी मुंबई’ टाकलं की पनवेलच्या पलीकडची फार्म हाऊसंही यादीत येतात. हॉटेलचा पत्ता उघडून नोड वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

## ४. आता तिकीट: कुठे उतरायचं?

### रेल्वेने

‘मुंबईला जायचं’ म्हणून सीएसएमटीपर्यंतचं तिकीट काढायचं, ही सवय आधी सोडा. नवी मुंबई मुंबईच्या अलीकडे आहे. सीएसएमटीला उतरून हार्बरने वाशीला परत येण्यात पाऊण-एक तास आणि सामानासह दोन जिने जातात.

कोकणातून: पनवेलला उतरा. तिथूनच हार्बरची लोकल सुटते, त्यामुळे बसायला जागाही मिळते.

नागपूर, मराठवाडा, खानदेश, नाशिककडून: गाडी ठाण्याला थांबत असेल तर ठाणं, नाहीतर कल्याण. कल्याणहून ठाण्यापर्यंत लोकल, ठाण्याहून ट्रान्स हार्बर. गाडीचा थांबा तिकीट काढताना बघा, डब्यातल्या शेजाऱ्याला विचारून ठरवू नका.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून: सीएसएमटीची गाडी असेल तर कल्याणला उतरा आणि तसेच ठाण्यामार्गे या.

लोकमान्य टिळक टर्मिनसला येणाऱ्या गाड्या: बाहेर पडून टिळकनगर स्टेशनवर या. ते हार्बरवर आहे. वाशी, बेलापूर किंवा पनवेल, कोणतीही लोकल चालेल.

सावधान: दादरला हार्बर मार्ग नाही. दादरला उतरून ‘वाशीची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर?’ असं विचारणारे पाहुणे नेहमी भेटतात. उतरलातच, तर मध्य रेल्वेच्या लोकलने कुर्ल्याला जा आणि तिथे हार्बरला बदला. आणि सीएसएमटीवरून हार्बरची गाडी पकडणार असाल तर पाटी वाचून बसा. त्याच मार्गावरून गोरेगावच्या गाड्याही सुटतात आणि त्या वडाळ्यानंतर पश्चिमेला वळतात.

### बसने

पुण्याहून दादरकडे जाणाऱ्या एसटीच्या आणि खासगी बस सायन-पनवेल महामार्गाने येतात. नेरूळला एलपी आणि वाशीला ‘वाशी हायवे’ हे थांबे वाहकाला आधीच सांगून ठेवा. पुण्याहून ठाणे किंवा बोरिवलीची पाटी असलेली बस मात्र वाशी हायवेला येईलच असं नाही, ती अलीकडेच वळून ऐरोलीकडे निघते. ऐरोली, रबाळे, महापे यांपैकी कुठे कार्यक्रम असेल तर तीच बस तुमच्या कामाची.

‘वाशी डेपो’ आणि ‘वाशी स्टेशन’ या दोन वेगळ्या जागा आहेत. डेपो आत सेक्टर ९ कडे आहे. तिथून स्टेशनला यायला रिक्षा किंवा एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिकेची) बस करावी लागते.

### विमानाने

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. आता ‘मुंबई’ म्हणून शोधलं की दोन्ही विमानतळांची तिकिटं एकाच यादीत दिसतात, आणि स्वस्त म्हणून घाईत भलतंच निवडलं जातं. तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत वाचा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बेलापूर, खारघर, पनवेल, नेरूळसाठी नवी मुंबई विमानतळ सरळ जवळचा. वाशीलाही तोच सोयीचा पडतो. ऐरोली आणि ठाण्यासाठी दोन्हींचा हिशोब करून बघा.

मुंबई विमानतळावर उतरलात तर टर्मिनल एक की दोन हेही तिकिटावर बघून घ्या. परतीच्या वेळी कॅबवाला विचारतोच, आणि दोन्ही टर्मिनलच्या वाटा वेगळ्या आहेत. तिथून वाशीला येण्यासाठी सामान असेल तर कॅबच करा. मेट्रो आणि लोकल बदलत येता येतं, पण मरोळ नाका, घाटकोपर, कुर्ला असे तीन ठिकाणी चढ-उतार करावे लागतात. बॅग घेऊन, तेही संध्याकाळच्या गर्दीत, ते करू नये.

### स्वतःच्या गाडीने

समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, पण आमणे म्हणजे भिवंडीजवळ. तिथून वाशीपर्यंत शहरी वाहतुकीतून यायचंय, त्यासाठी वेगळा वेळ धरा. पुण्याहून येणाऱ्यांनी शनिवारी सकाळी घाट टाळावा, कार्यक्रम शनिवारी असेल तर शुक्रवारी दुपारीच निघावं. मुंबईत जाऊन-येऊन असाल तर वाशी आणि ऐरोलीच्या मुंबई प्रवेश नाक्यांवर कारला ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. अटल सेतूला मात्र टोल आहे, आणि त्यावर दुचाकी व रिक्षाला बंदी आहे.

## ५. लोकलमध्ये चढण्यापूर्वी

ठाणे स्टेशनवर बाहेरगावची गाडी थांबली की लगेच पश्चिमेच्या जिन्याकडे धावू नका. ट्रान्स हार्बरच्या गाड्या ९, १० आणि १०-अ या प्लॅटफॉर्मवरून सुटतात, म्हणजे पूर्वेच्या, कोपरीच्या टोकाला. पादचारी पुलावरून तिकडे या, खाली उतरण्याआधी पुलावरच्या इंडिकेटरवर ‘वाशी’ की ‘पनवेल’ ते वाचा आणि मगच जिना उतरा. सकाळच्या गर्दीत चुकीच्या प्लॅटफॉर्मवरून पुन्हा वर चढायचं म्हणजे उलट्या प्रवाहात बॅग वर धरून चालणं.

हार्बर आणि ट्रान्स हार्बरवर जलद-धीमी असा भेद नाही. गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबते, त्यामुळे जलद गाडीत बसून स्टेशन हुकेल ही भीती इथे नको. ठाण्याहून वाशीला अर्धा तास धरा, सीएसएमटीहून वाशीला पन्नास मिनिटं.

तिकीट मोबाइलवर रेलवन ॲपमधून काढणार असाल तर ॲप घरीच डाउनलोड करून, नोंदणी करून या. स्टेशनबाहेर, रिक्षातून उतरण्याआधीच तिकीट काढा. आत आल्यावर ॲप तिकीट द्यायला नकार देतं. तिकीट काढलं की तासाभराच्या आत गाडी पकडायची.

सावधान: प्रथम वर्गाच्या डब्यावर तिरके पट्टे असतात. बाहेरून डबा सारखाच दिसतो आणि गर्दी कमी वाटते म्हणून पाहुणे त्यात शिरतात. दुसऱ्या वर्गाचं तिकीट असेल तर दंड किमान २५० रुपये, वर भाड्यातला फरक. महिलांचे आणि दिव्यांगांचे डबेही वेगळे असतात, पाटी वाचा.

पोस्टर, बॅनर, स्टॉलचं सामान असेल तर ते गर्दीच्या वेळी लोकलमधून आणूच नका. आदल्या दिवशी दुपारी आणा, किंवा सरळ टेम्पो करा. पोस्टरची गुंडाळी दारातल्या दांड्यात अडकली की दुमडते, आणि ऐन वेळी पुन्हा छापणारा शोधत फिरावं लागतं. डिझाइनची फाइल पेन ड्राइव्हवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा.

उतरायचं स्टेशन येण्याआधी, एक स्टेशन अलीकडेच दाराकडे सरका. ‘वाशी उतरणार का?’ असं पुढच्याला विचारा. तो नाही म्हणाला तर बाजूला होतो. हे इथे रोजचं आहे, त्यात संकोच करू नका.

## ६. स्टेशन ते स्थळ

रिक्षा मीटरने चालते. किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त. शेअर रिक्षाची रांग वेगळी असते आणि ती ठरलेल्या जागीच सोडते. स्थळ त्या वाटेवर आहे का हे बसण्याआधी विचारा. सुटे पैसे जवळ ठेवा.

वाशीच्या प्रदर्शन केंद्राला मात्र रिक्षा शोधत बसू नका. स्टेशनबाहेर पडल्यावर बाजूच्याच रस्त्याने चालत गेलात तर रांगेत उभं राहण्याच्या वेळेत पोचाल.

एनएमएमटीच्या बस स्वस्त आणि नियमित आहेत, पण पहिल्याच दिवशी उद्घाटनाची वेळ गाठायची असेल तर त्यांच्यावर विसंबू नका. दुसऱ्या दिवशीपासून वापरा.

## ७. आदल्या दिवशी करायची कामं

रविवारी कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक बघितल्याशिवाय झोपू नका. मध्य रेल्वे दर रविवारी दुरुस्तीसाठी वेगवेगळ्या मार्गांवर ब्लॉक घेते, साधारण सकाळी अकरापासून दुपारी चार-पाचपर्यंत. हार्बरवर ब्लॉक असेल तर कुर्ला ते वाशी भागात गाड्या बंद राहू शकतात. अशा वेळी ठाण्यामार्गे ट्रान्स हार्बरने येता येतं. ट्रान्स हार्बरवर असेल तर उलट. ब्लॉकची वेळ शनिवारी जाहीर होते आणि रविवारच्या मराठी पेपरात असतेच.

जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र बघा. नुसता जोराचा पाऊस शहर सोसतं. पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी ओसरायला वाट राहत नाही आणि कुर्ला-चुनाभट्टीच्या बाजूला हार्बरचे रूळ पाण्याखाली जातात. अशा दिवशी मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांनी दोन तास आधी निघावं, आणि वाशीत मुक्काम असलेल्यांनी आपण नशीबवान आहोत असं मानून स्थळीच थांबावं. भाषण असेल तर त्या दिवशीचे बूट पिशवीत ठेवा आणि सँडल घालून निघा.

पावसाळा सोडून इतर वेळी त्रास घामाचा. खाडीकाठची दमट हवा आणि आत गारठवणारा एसी, हे दोन्ही एका दिवसात सोसायचे असतात. एक सुती शर्ट किंवा कुर्ता जास्तीचा आणि एक पातळ स्वेटर बॅगेत हवाच. औषधं नेहमीच्या पाकिटात, चार दिवसांची जास्त.

तपासा: नोंदणीची पावती, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, नोडसह पत्त्याचा कागद, चार्जर, छत्री. फोनमध्ये १३९ हा रेल्वेचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक. लोकलमध्ये बॅग राहिली तर लगेच १३९ ला कळवा. गाडीची वेळ, मार्ग आणि डबा पुढून कितवा होता हे सांगता आलं तर शोध सोपा जातो, म्हणून चढताना हे बघून ठेवायची सवय लावा.

## ८. परतीची तयारी समारोपाआधी

समारोप लांबतो. चारचा कार्यक्रम साडेपाचला संपतो आणि प्रमाणपत्रांच्या रांगेत सहा वाजतात. संध्याकाळी सातची गाडी किंवा विमान असेल तर समारोपाचा मोह सोडा. शक्य असेल तर रात्री दहानंतरचं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट घ्या. प्रमाणपत्र ईमेलने मिळेल का ते संयोजकांना सकाळीच विचारून ठेवा.

रात्री एकच्या सुमारास लोकल बंद होते ती पहाटे चारपर्यंत. ट्रान्स हार्बरची शेवटची गाडी त्याआधीच निघून जाते, तेव्हा ठाण्याहून रात्रीची गाडी पकडायची असेल तर शेवटच्या लोकलच्या भरवशावर राहू नका. किमान तास-दीड तास आधीची धरा.

वाशी हायवेवरून पुण्याची बस पकडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. येताना बसने तुम्हाला महामार्गाच्या स्टेशनकडच्या बाजूला सोडलं होतं. परतीची बस पलीकडून, वाशी प्लाझाच्या बाजूने मिळते. सामान घेऊन महामार्ग धावत ओलांडू नका, वाहनं फार वेगात असतात. भुयारी मार्गाने किंवा पादचारी पुलाने पलीकडे जा आणि बसच्या वेळेआधी वीस मिनिटं तिथे उभे राहा. तिकिटावर चढण्याचा थांबा ‘वाशी’ एवढाच छापलेला असेल, तर बसच्या चालकाला दुपारीच फोन करून नेमकी जागा विचारून घ्या.